गेटवेहून लाँचने: मुंबई बंदरातली फोटोग्राफी (वेळ, बाजू, लेन्स, शटर)

धक्क्यावरची
गेटवेच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचमधून गेटवे, ताज, बंदरात नांगरलेली जहाजं आणि हिवाळ्यातले कुरव (सीगल) असे फोटो काढायचे आहेत. कॅमेरा एपीएस-सी (लहान सेन्सरचा), लेन्स १८-५५ आणि ५५-२५० मिमी. अर्ध्या तासाची बंदर फेरी घ्यावी की घारापुरीची लाँच? कुठल्या बाजूला बसावं, किती वाजता जावं, शटर किती ठेवावं? जमिनीवर स्वच्छ येणारे फोटो लाँचवरून हललेले आणि तिरके येतात, त्याचं कारणही कुणी नीट सांगितलं तर हवं आहे.

भिंगकर
आधी वेळ, कारण ती चुकली की बाकी काही जुळवून उपयोग नसतो.

गेटवेचं तोंड समुद्राकडे, म्हणजे पूर्वेला आहे. लाँचमधून जी बाजू दिसते तिच्यावर ऊन फक्त सकाळी असतं. दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि कमानींत काळ्या सावल्या पडतात. चारनंतर तो शहराच्या मागे जातो आणि गेटवेची नुसती आकृती उरते. पिवळसर बेसॉल्टचा रंग आणि वरचं कोरीवकाम हवं असेल तर सकाळच. छायाकृती हवी असेल तर सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा-पाऊण तास.

लाँच साधारण नऊच्या सुमारास सुरू होतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नऊ वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २२-२३ अंशांवर असतो आणि आग्नेयेकडून येतो. तुम्ही पश्चिमेला पाहत असता, त्यामुळे ऊन डाव्या खांद्यामागून तिरकं पडतं आणि कमानींची खोली दिसते. एप्रिलच्या मध्यावर त्याच नऊ वाजता सूर्य ३६ अंशांपर्यंत चढलेला असतो, मग प्रकाश सपाट पडतो. ऑक्टोबर मधला, साधारण ३२ अंश. पण ऑक्टोबरची हवा पावसाने धुतलेली असते आणि डिसेंबर-जानेवारीत धुरकं असतं. दोनातलं एक निवडायचं असेल तर मी ऑक्टोबर सांगेन. तिरक्या उन्हाचा जो फायदा होतो तो धुरक्यात बुडतो.

फेरी कोणती? गेटवे-ताजसाठी अर्ध्या तासाची पुरते. जहाजं, कुरव, बेटं, न्हावा-शेव्याच्या क्रेन हव्या असतील तर घारापुरी. जायला तास, यायला तास. लेणी सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून वार ठरवा.

नाळेवर
भिंगकरांच्या वेळेत एक भर घालतो, भरतीची. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून जास्त फरक पडतो. ओहोटीला लाँच तेवढी खाली जाते. तिथून धक्क्याची भिंत, तिच्यावरचं शेवाळ आणि ओला काळा पट्टा फ्रेमचा मोठा भाग खातात, गेटवेचा पाया भिंतीआड जातो आणि लेन्स वर करावी लागल्यामुळे इमारती मागे कलल्यासारख्या दिसतात. पूर्ण भरतीला तुम्ही पायऱ्यांच्या बरोबरीने असता आणि पाणी थेट भिंतीला लागतं. चित्रात याने फार फरक पडतो.

कोकणातला जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला ८ गुणिले पाऊण म्हणजे ६ वाजता. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हेच लागू, आणि पुढची भरती साडेबारा तासांनी. म्हणून नऊ-साडेनऊच्या लाँचसाठी दशमी ते द्वादशी बघा. संध्याकाळच्या छायाकृतीसाठी सप्तमी-अष्टमी. कालनिर्णय भिंतीवर असतंच.

रेतीबंदर
@नाळेवर, सूत्र उत्तम आहे, पण त्यातून येणारी वेळ पाऊण तासापर्यंत मागेपुढे होते. पौर्णिमेला ते सव्वाअकरा देतं आणि प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास भरतं. दिवस निवडायला सूत्र वापरा, वेळ पक्की करायला भरती-ओहोटीचं कोष्टक.

आणखी एक. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो. त्या दिवसांत भरती उधाणाइतकी वर चढत नाही, पण ओहोटीही तितकी खोल जात नाही आणि प्रवाह मंद असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला भांगाचे दिवस सोपे. पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी सहा-सातला मात्र पाणी तळाला गेलेलं असतं. नेमक्या पौर्णिमेच्या संध्याकाळी हौसेने जाणारे पुष्कळ असतात, त्यांनी हे आधी बघावं.

भिंगकर
बरोबर. वाऱ्याचाही हिशेब यातच धरा. सकाळी पाणी बहुधा सपाट असतं. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, लाटा उठतात आणि तुषार डेकवर येतात. सकाळ निवडण्याचं हे दुसरं कारण.

चौथीसीट
बाजू सांगते. गेटवेहून घारापुरी साधारण ईशान्येला, किंचित पूर्वेकडे झुकलेली. सकाळी जाताना सूर्य पुढे उजवीकडे असतो. म्हणून उजव्या बाजूची प्रत्येक गोष्ट प्रकाशाविरुद्ध दिसते आणि पाणी चकाकतं. डाव्या बाजूला आणि मागे जे दिसतं त्याच्यावर ऊन असतं. तेव्हा जाताना वरच्या डेकवर डावीकडे, मधल्या भागाच्या जरा मागे. वरच्या डेकचे थोडे पैसे वेगळे घेतात, ते द्या. खालून छताची कड आणि माणसांची डोकी येतात.

परतीला दुपारी तीननंतर निघालात तर सूर्य जवळपास समोर येतो. तेव्हा पुढे बसून शहराची छायाकृती आणि नांगरलेल्या जहाजांच्या मागून येणारा प्रकाश घ्या. सकाळच्या फोटोंची नक्कल परतीला करायला जाऊ नका, तो प्रकाशच नसतो.

इंजिन मागे असतं. तिथे थरथर सर्वांत जास्त. शिवाय धुरांड्याजवळची गरम हवा लेन्ससमोरून गेली की लांबच्या गोष्टी पाण्यात बुडवल्यासारख्या हलतात. हा दोष शटर कितीही वाढवलं तरी जात नाही, लोक मात्र लेन्सला दोष देतात. अगदी पुढे नाळेवर थरथर कमी, पण लाँच वरखाली तिथेच जास्त होते आणि पाणीही तिथेच उडतं. मध्यभागी दोन्हीचा त्रास कमी.

एक कळकळीचं: एखादं जहाज दिसलं म्हणून सगळे एकदम एका बाजूला धावतात, ते करू नका. लाँच कलते. खलाशी ओरडतो त्याला कारण असतं.

भिंगकर
आता लेन्स, अंतरासकट. लाँच तासाला साधारण दहा किलोमीटर चालते, म्हणजे मिनिटाला १६०-१७० मीटर. दोन मिनिटांत तुम्ही गेटवेपासून तीनशे मीटरवर, सहा मिनिटांत एक किलोमीटरवर. सुरुवातीला वळण घेताना वेग कमी असतो, तेवढी मिनिटं पदरात पडतात. गेटवे-ताजची खरी फ्रेम पहिल्या चार-पाच मिनिटांतच मिळते. तोवर पिशवीची चेन उघडत बसलात तर ती गेली. दोर सुटायच्या आधी कॅमेरा चालू, सेटिंग लावलेली, लेन्सचं झाकण खिशात.

गेटवेची उंची २६ मीटर. तीनशे मीटरवरून आडव्या फ्रेममध्ये तिने अर्धी उंची व्यापावी असं वाटत असेल तर फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) १३५-१४० मिमी लागतात, एपीएस-सीवर साधारण ९०. म्हणजे तुमची ५५-२५० चालेल. ताजसह संपूर्ण दर्शनी रांग हवी असेल तर त्याच अंतरावरून फुल फ्रेमवर ३५, तुमच्यावर २३-२४, म्हणजे १८-५५.

समुद्रातून पाहताना डावीकडे ताजची १९०३ ची जुनी इमारत, तिच्या उजवीकडे १९७३ चा टॉवर, आणि सर्वांत उजवीकडे गेटवे. लाँच ईशान्येला सरकू लागली की जवळचा गेटवे डावीकडे सरकत टॉवरवर चढतो. तिघं सुटे हवे असतील तर अगदी सुरुवातीला घ्या. गेटवेच्या मागे ताज दाटून आलेला हवा असेल तर तीन-चार मिनिटं थांबा आणि १५०-२०० मिमीवर जा. दुसरी फ्रेम मला जास्त आवडते. १९०३ आणि १९२४ या दोन इमारती एकमेकींना चिकटून येतात आणि मधला रस्ता, गर्दी, गाड्या सगळं नाहीसं होतं.

लेन्स डेकवर बदलू नका. वारा, तुषार आणि माणसांचे धक्के, तिन्ही असतात. धक्क्यावर ५५-२५० लावलेली असू द्या, रुंद फ्रेम मोबाइलवर घ्या.

धक्क्यावरची
मोबाइलची कल्पना छान आहे. शटरचं आणि तिरकेपणाचं कुणी सांगता का?

अंशमापक
शटरचा हिशेब मांडतो, म्हणजे पाठ करावं लागणार नाही.

लाँच पुढे जाते त्याने फोटो फारसा हलत नाही. ती डोलते त्याने हलतो. डोलण्याचा वेग सेकंदाला पाच अंश धरू, हा साध्या लाटांतला अंदाज. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर २०० मिमीला एक पिक्सेल म्हणजे अंशाचा सुमारे ०.००१७ वा भाग. १/१००० सेकंदात लाँच ०.००५ अंश फिरते, म्हणजे तीन पिक्सेल पुसले गेले. १/२००० ला दीड. उलट ३५ मिमीला एक पिक्सेल जवळपास ०.०१ अंशाचा, म्हणून १/५०० लाही एकच पिक्सेल जातो. यावरून नियम: रुंद लेन्सला १/५००, शंभरच्या आसपास १/१०००, दोनशेच्या वर १/२०००. एपीएस-सीवर पिक्सेल बारीक असतात, तेव्हा एक पायरी वरच राहा. लेन्समधलं स्थिरीकरण चालू ठेवा, ते यातला काही भाग भरून काढतं.

डोलणं झोपाळ्यासारखं असतं. मध्ये वेग जास्त, दोन्ही टोकांना क्षणभर थांबा. त्या टोकाला बटण दाबा. सात-आठ हेलकावे मोजले की ठेका सापडतो. १/५०० ला टोकावर घेतलेला फोटो १/१००० ला मध्ये घेतलेल्यापेक्षा स्वच्छ निघू शकतो. तीन-चार फोटोंची मालिका घ्या, एखादा टोकाचा मिळतोच.

उभं राहण्याची पद्धत: पाय खांद्याएवढे फाकून, गुडघे सैल, कोपरं बरगड्यांना. कंबर किंवा कोपर रेलिंगला टेकवू नका. जमिनीवर आधार घेतला की कॅमेरा स्थिर होतो. इथे त्याच आधारातून इंजिनची थरथर कॅमेऱ्यात उतरते. मोनोपॉड आणि ट्रायपॉड याच कारणाने लाँचवर निरुपयोगी. तुमचे गुडघे हाच शॉक अॅब्सॉर्बर.

मोड: मॅन्युअल, अॅपर्चर एफ ७.१ किंवा ८, वरच्या नियमाचं शटर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. सकाळच्या उन्हात एफ ८ आणि १/१००० ला आयएसओ ४०० च्या आतबाहेर राहतो. धुरक्यात ८०० झाला तरी चालू द्या. आयएसओचे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो स्वच्छ करता येत नाही.

अंशमापक
तिरकेपणाचं राहिलं. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल लाँचवर फसवते. ती गुरुत्वाकर्षणावर चालते, आणि लाँच हेलकावा घेते तेव्हा त्याचा झटकाही तिला गुरुत्वासारखाच वाटतो. पडद्यावर हिरवी रेघ दिसते आणि फोटो दोन अंश तिरका येतो.

दुसरा फसवणारा म्हणजे किनारा. बंदरात खरं क्षितिज फार थोड्या दिशांना दिसतं. बाकी सगळीकडे दिसते ती किनाऱ्याची रेघ, आणि ती तुमच्यापासून तिरकी दूर जात असेल तर फोटोतही तिरकीच दिसणार, ते बरोबर आहे. तिला आडवी करायला गेलात की ताज कलतो. म्हणून सरळपणा उभ्या कडांवरून तपासा: ताजच्या टॉवरची कड, गेटवेच्या मधल्या कमानीचे दोन खांब. ग्रिड चालू करा आणि मधली उभी रेघ त्यांना लावा. चारही बाजूंना दहा टक्के मोकळी जागा सोडा, म्हणजे घरी सरळ करताना घुमटाचं टोक कापलं जाणार नाही.

मोबाइलवाली
मोबाइलसाठी माझी भर.

निघायच्या आधी लेन्स पुसा, आणि वाटेत दर दहा मिनिटांनी. तुषार वाळले की मिठाचा पांढुरका थर बसतो आणि सगळे फोटो धूसर येतात. हा थर कोरड्या कापडाने घासू नका. चष्म्याचं कापड गोड्या पाण्यात ओलं करून पिळून घ्या, त्याने आधी मीठ विरघळू द्या, मग कोरड्याने टिपा. बाटलीतलं प्यायचं पाणी पुरतं. कॅमेऱ्याच्या फिल्टरलाही हीच पद्धत.

चिमटीने झूम वाढवू नका. फोनला दुप्पट-तिप्पटची वेगळी लेन्स असेल तर त्या आकड्यावरच थांबा. गेटवेवर बोट दाबून धरा, फोकस आणि प्रकाश लॉक होतो, मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. नाहीतर पाण्याच्या चकाकीने फोन गोंधळतो आणि दर फोटोचा रंग वेगळा येतो.

पॅनोरमा लाँचवर टाळा. फोन तुकडे जोडत असतो आणि तेवढ्यात लाँच पुढे सरकते, डोलते. ताजच्या खिडक्यांची रांग पायऱ्यांसारखी तुटते. त्याऐवजी तीन-चार सुटे फोटो उभे घ्या. नाइट मोडही नको. तो सेकंद-दोन सेकंदांचे फोटो एकावर एक रचतो, आणि डोलत्या लाँचवर दिव्यांचे फराटे निघतात.

मनगटाची दोरी अत्यावश्यक. रेलिंगबाहेर हात काढायचा असेल तर दोरी असल्याशिवाय काढू नका. पारदर्शक वॉटरप्रूफ पिशवीतून मात्र फोटो मळकट येतात. पिशवी चढण्या-उतरण्यासाठी, फोटोसाठी नाही.

निळीवेळ
सीपीएल (ध्रुवीकरण) फिल्टर लावावा का? पाण्याची चकाकी कमी होते म्हणतात.

भिंगकर
सकाळी गेटवे-ताजसाठी काढून ठेवा. सीपीएलचा परिणाम आकाशावर सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला सर्वांत जास्त होतो. सूर्य पाठीशी असताना जवळजवळ काहीच मिळत नाही आणि दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). म्हणजे १/१००० चं शटर १/२५० वर. लाँचवर हा सौदा तोट्याचा.

चौथीसीट
@भिंगकर, थोडी असहमत. गेटवेसाठी मान्य. पण जाताना उत्तरेच्या बाजूला सूर्यापासून जवळपास काटकोन पडतो. तिथे सीपीएलने धुरक्याचा पांढरेपणा बराच उतरतो आणि दूरच्या जहाजांचे रंग सुटे होतात. अट एवढीच की लाँच वळली की फिल्टर पुन्हा फिरवायचा. विसरलात तर तो नुसता काळा काच होतो. १८-२० मिमीवर आकाशात गडद पट्टा येतो, तेव्हा ५० च्या वरच वापरा.

भिंगकर
हो, उत्तरेकडे उपयोग आहे, मान्य. एफ ५.६ वर उतरून शटर राखलं तर चालेल.

पाणथळ
कुरवांबद्दल लिहितो, कारण या विषयात चुकीचं बरंच चालतं.

साधारण नोव्हेंबर ते मार्च बंदरात कुरव असतात. लाँचभोवती फिरणारे बहुतेक तपकिरी डोक्याचे कुरव. नावाला फसू नका, थंडीत डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. तपकिरी टोपी मार्चच्या सुमारास पूर्ण चढते. काळ्या डोक्याचा कुरवही थंडीत तसाच दिसतो. ओळखायचं तर पंखाचं टोक बघा. तपकिरी डोक्याच्याचं टोक जाड काळं, आत पांढरे डाग, आणि मोठ्या पक्ष्याची बुबुळं फिकट. काळ्या डोक्याच्याची पंखाची पुढची कड पांढरी आणि डोळे गडद. फोटोत डोळा स्वच्छ आला तर ओळख घरी बसून पटते.

शटर १/२०००, कमीत कमी १/१६००. सलग फोकस, मधल्या बिंदूंचा गट किंवा पक्ष्याचा डोळा ओळखणारा मोड. ७० ते २०० मिमी पुरते, पक्षी जवळ येतात. फार लांब लेन्स घेतली तर पक्षी चौकटीत शोधण्यातच वेळ जातो.

इथे आयएसओ ऑटो ठेवू नका. पक्षी एकदा चकाकत्या पाण्यापुढे, एकदा काळ्या जहाजापुढे, एकदा आभाळापुढे येतो. मीटर प्रत्येक वेळी नवा आकडा देतो आणि पांढरी पिसं कधी जळतात, कधी राखाडी होतात. पक्ष्यावरचं ऊन मात्र तेच असतं. म्हणून तिन्ही आकडे पक्के करा. उन्हातल्या कुरवासाठी सुरुवात एफ ६.३, १/२०००, आयएसओ ५००. एक फोटो मोठा करून बघा, पंखावरच्या पिसांच्या रेघा दिसत नसतील तर आयएसओ ४०० करा. नंतर घारी आल्या तर दीड स्टॉप वाढवा, त्या गडद असतात.

लाँच वाऱ्याच्या तोंडावर चालते तेव्हा कुरव डेकच्या बाजूला जवळजवळ एका जागी तरंगतात. सोपे फोटो तेव्हाचे. वारा पाठीमागून असेल तर ते झपकन पुढे निघून जातात. डेकवर चढल्यावर आधी झेंड्याकडे बघा.

आता महत्त्वाचं. कुरकुरे, शेव, गाठी टाकून पक्षी बोलावू नका. तेलकट, खारट, मसाल्याचं खाणं त्यांचं नाही. माणसांच्या हातांभोवती झुंबड उडते ती वेगळीच. फोटोतही चोचीत केशरी कुरकुरा आणि चौकटीत पाच हात येतात. लाँचच्या पंख्याने ढवळलेल्या पाण्यात वर येणारं भक्ष्य टिपायला कुरव आपणहून मागे येतात. मागच्या फेसाळ पट्ट्यावर लक्ष ठेवा. बुडी मारून मासा उचलतानाचा क्षण तिथे मिळतो, आणि तो खरा असतो.

नाळेवर
नियमांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. इथे चूक परवडत नाही.

गेटवेच्या उत्तरेला नौदल गोदी आहे. घारापुरीच्या लाँचला ती डाव्या हाताला लागते, म्हणजे वर सांगितलेल्या चांगल्या उजेडाच्याच बाजूला. तिथल्या युद्धनौका, पाणबुड्या, धक्के यांचे फोटो काढायचे नाहीत. गेटवेसमोरच्या पाण्यातला मिडल ग्राउंड हा छोटा किल्लाही नौदलाच्या ताब्यात आहे. पुढे डावीकडे जवाहर द्वीप लागतं, ते तेलाचं टर्मिनल आहे. तुर्भ्याच्या किनाऱ्यावर भाभा अणुसंशोधन केंद्र. यांच्याकडे लांब लेन्स रोखू नका. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ खाली प्रतिबंधित ठिकाणांचे फोटो हा गुन्हा ठरू शकतो, आणि ‘मागे आपोआप आलं’ हे उत्तर पुरत नाही. गेटवेची फ्रेम झाली की गोदी मागे पडेपर्यंत कॅमेरा खाली ठेवा किंवा उजवीकडे वळा. मालवाहू जहाजं, मासेमारीचे ट्रॉलर, गेटवे, ताज, न्हावा-शेव्याचं दूरचं दृश्य यांना अडचण नाही. तरी खलाशाने किंवा पोलिसांनी नको म्हटलं तर वाद घालू नका.

ड्रोन अजिबात नाही. संरक्षण आस्थापनांमुळे हा भाग रेड झोनमध्ये आहे आणि ड्रोन नियम २०२१ प्रमाणे तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.

रेतीबंदर
सुरक्षेचंही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या लाँचला झालेल्या अपघातानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं आहे. ते आधी घाला, पट्टे आवळा, मग कॅमेऱ्याचा पट्टा जॅकेटवरून गळ्यात. आडवा तिरका पट्टा नको आणि जॅकेटच्या आत तर मुळीच नको. पाण्यात जॅकेट वर सरकतं, आत अडकलेला पट्टा गळ्याशी येतो आणि कॅमेऱ्याचं वजन खाली ओढतं. मनगटाचा पट्टा सर्वांत बरा, तो झटकन सुटतो.

धक्क्यावर लाँच एकमेकींना लावून बांधतात. कधी एकीतून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. तेव्हा कॅमेरा पिशवीत, पिशवी पाठीवर, दोन्ही हात मोकळे. खलाशी हात देतो, तो मनगटाशी धरा. लाँच वर येते त्या क्षणी पाय टाका.

निळीवेळ
दहा-बारा जणांनी मिळून स्वतंत्र लाँच ठरवली तर तांडेलाला (लाँच चालवणाऱ्याला) इंजिन बंद करायला सांगावं का? थरथर थांबेल.

रेतीबंदर
थरथर थांबते, डोलणं वाढतं. इंजिन बंद झालं की सुकाणूला जोर राहत नाही, लाँच हळूहळू लाटांना आडवी होते आणि दोन्ही बाजूंना जोरात हेलकावते. थरथर बारीक असते, ती १/५०० ला कळतही नाही. हेलकावा कळतो. तांडेलाला सांगा, ‘वेग अगदी कमी ठेवा, नाळ लाटेवर धरा.’ गेटवेसमोर उत्तर-दक्षिण दोन फेऱ्या मागा, तीनशे मीटरवरून एक आणि सहाशेवरून एक. हे पैसे ठरवतानाच बोलून घ्या, मध्येच मागितलं तर वेळ मोडतो.

मांडव्याची कॅटामरान किंवा स्पीडबोट शेजारून गेली की तिच्या लाटा थोड्या उशिराने पोहोचतात. तीन-चार मोठे हेलकावे बसतात, तेवढ्यात फोटो घेऊ नका, काहीतरी धरा.

चौथीसीट
ज्यांना लाँच लागते त्यांच्यासाठी भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) बघण्यासारखी आहे. जहाज मोठं, डेक उंच, थरथर आणि तुषार कमी. गेटवे जवळून मिळत नाही, पण बंदरातली जहाजं वरून दिसतात आणि पाण्यावरच्या रेषा चांगल्या सापडतात. वातानुकूलित कक्षाच्या काचेतून काढू नका. काचेवर मीठ असतं आणि आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येतं. शिवाय एसीतून एकदम बाहेर आलात की लेन्सवर दव धरतं. पुसलं तरी पुन्हा धरतं. कॅमेरा पिशवीत चेन लावून वीस मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवला की आपोआप थांबतं. थंडगार टॅक्सीतून उतरून थेट लाँचमध्ये चढणाऱ्यांनाही हेच लागू.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि घारापुरीच्या हवामान बघून सोडतात.

धक्क्यावरची
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारते. धुरकं असलेला दिवस मिळाला तर फेरी पुढे ढकलावी का?

अंशमापक
ढकलू नका, विषय बदला. धुरक्यात एक किलोमीटरपलीकडचा रंग विसरा. नांगरलेली दोन-तीन जहाजं एकामागे एक शोधा. जवळचं गडद, मधलं राखाडी, मागचं जवळजवळ आभाळात विरलेलं. २०० मिमीवर या तीन पायऱ्या फार सुंदर दिसतात. उजेड अर्धा ते पाऊण स्टॉप वाढवून घ्या, नाहीतर मीटर पांढऱ्या धुरक्याला राखाडी करतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या आणि घरी कृष्णधवल करा. डीहेझची (धुरकं कमी करणारी) पट्टी पंधरा-वीसच्या पुढे नेऊ नका, आभाळात डाग उमटतात आणि जहाजांच्या कडांना पांढरी किनार येते.

घरी आल्यावर आधी कॅमेरा आणि लेन्सचा बाहेरचा भाग ओल्या, पिळलेल्या कापडाने पुसा, विशेषतः झूमची रिंग आणि पट्ट्याच्या कड्या. मग कोरडं करून रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात. मीठ हवेतली ओल खेचत राहतं, तसंच ठेवलं तर महिन्याभरात झूम करकरायला लागतो.